पदवी, पेढी आणि बियाणे

मराठवाड्यात शिक्षण आणि उद्योग यांच्या नात्यावर बोलणे निघाले की बद्रीनारायण बारवाले यांचे नाव हटकून येते. १९३०च्या सुमारास हिंगोलीत जन्मलेला, महाविद्यालयाची पदवी नसलेला एक माणूस जालन्यात बियाण्यांची कंपनी काढतो आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्काराचा मानकरी होतो. ही कथा सांगणाऱ्याचा रोख बहुधा एकच असतो : पदवीवाचून काही अडत नाही, अंगात धमक हवी. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून, पदवीसाठीच जमलेल्या मुलांसमोर हे विधान केले जाते आणि मुलेही टाळ्या वाजवतात, यातली गंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आम्हांला या कथेतील तपशिलांविषयी तक्रार नाही; तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही असे वाटते. त्यासाठी जुना परभणी जिल्हा जरा जवळून पाहावा लागेल. जुना म्हणजे हिंगोली ज्यात होती तो. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाली १ मे १९९९ रोजी. परतूर तालुकाही १९८१पर्यंत परभणीतच होता, नंतर तो नव्या जालना जिल्ह्यात गेला.

या जिल्ह्यात 'औपचारिक शिक्षण' या शब्दाला १९४८पूर्वी जो अर्थ होता, तो पुण्या-मुंबईहून निराळा होता. निजामाच्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. पण सेलू-मानवत-गंगाखेडच्या मराठी मुलाला ती देशी भाषाही परकीच होती. घरात मराठी, शाळेत उर्दू, पुढे गेल्यास इंग्रजी. त्यात १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढण्यात आले, तेव्हा शिक्षण सोडणे ही राजकीय कृतीही ठरली. कित्येकांनी नागपूर विद्यापीठाची वाट धरली. ज्यांना नागपूर परवडत नव्हते, त्यांचे शिक्षण तिथेच थांबले. बारवाले यांच्या पिढीच्या अर्धवट शिक्षणाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. विद्यार्थिदशेत तेही निजामविरोधी चळवळीत होते. ज्याला आपण आज 'शाळा सोडलेला मुलगा' म्हणतो, त्याने शाळा धंद्याच्या ओढीने सोडली होती असे मानणे म्हणजे त्या काळाला आजचा चष्मा लावणे होय.

पण शाळा नव्हती म्हणजे शिक्षण नव्हते काय? इथे थोडे रेंगाळावेसे वाटते. मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके कापसाच्या व्यापाराची दारे बनली. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, आडत्यांची दुकाने आली, मारवाडी आणि गुजराती पेढ्या स्थिरावल्या. या पेढीवर बसणाऱ्या पोराला काय काय येणे भाग होते? एक तर राज्यात हाली शिक्का चाले आणि मुंबईकडचा व्यवहार कलदार रुपयात होई. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा ठरीव भाव. बाजारात तो इकडे-तिकडे सरके. शेर, मण, खंडी यांची मापे गावोगाव थोडी थोडी बदलत. हुंडीची मुदत, व्याजाची आकारणी, उधारीवर कट्टी, रोजकीर्द, खतावणी. मारवाडी पेढीवर महाजनी लिपी, मराठी दुकानात मोडी. आणि हे सारे कागदाआधी तोंडी.

या तोंडी हिशेबाचा पाया गावच्या पंतोजीने घातलेला असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी : हे अपूर्णांकांचे पाढे आज आपल्याला आजोबांच्या आठवणींतले वाटतात, पण मुळात ते व्यापाराचे शिक्षण होते. साडेतीनचा पाढा कोणाला लागतो? साडेतीन रुपये मणाने सतरा मण ज्वारी घेणाऱ्याला. धुळपाटीवर गिरवून आणि छडीच्या धाकाने पाठ करून मिळालेले हे ज्ञान औपचारिक नव्हते असे कोण म्हणेल? त्याचा क्रम ठरलेला होता, गुरू ठरलेला होता, परीक्षाही होती; फक्त प्रमाणपत्र नव्हते. शाळा आणि धंदा यांची फारकत नंतरची आहे. सरकारी शाळेची परीक्षा ही सरकारी नोकरीची पायरी झाली, बाळबोध लिपीने मोडीला हळूहळू बाजूला सारले, आणि मग 'शिकलेला' आणि 'धंद्यातला' अशा दोन जाती पडल्या. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण तोंडात घोळवणारा समाज प्रत्यक्षात मुलाला कनिष्ठातच घालायला धडपडू लागला तो या काळात.

ही फारकत होत असतानाच तिच्याकडे बोट दाखवणारा माणूस ब्रिटिश मुलखात होऊन गेला. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन आपण शिक्षणाच्या इतिहासात नेहमी वाचतो. ते निवेदन देणाऱ्याने स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी करून दिली होती, इकडे आपले लक्ष जात नाही. फुले बांधकामाचे ठेकेदार होते. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे यांचा समावेश असावा असे ते सांगतात, तेव्हा तो केवळ समाजसुधारकाचा आग्रह नसतो. मजुरांच्या हजेरीपटावर ज्याने स्वतः सही केली आहे, त्याची ती मागणी असते. साहित्याच्या वर्गात फुल्यांचे गद्य शिकवताना त्यांचा धंदा आपण तळटिपेत टाकतो. ती तळटीप मजकुरात आणली, तर त्यांच्या भाषेतला रोकडेपणा कुठून येतो तेही कदाचित उलगडेल.

निजामाच्या मुलखात असे निवेदन ऐकून घेणारा आयोगही नव्हता. तिथे शिकलेल्या मराठी माणसाचे काय होई, याचे उत्तर परभणीकरांना बाहेर शोधावे लागत नाही. बी. रघुनाथ. सातोन्याला १९१३ साली जन्म, हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिक्षण, आणि मग निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी. १९५३ साली चाळिशीतच मृत्यू. कवी, कथाकार, कादंबरीकार म्हणून मराठवाड्याच्या आधुनिक साहित्याचा आरंभ ज्यांच्यापाशी करावा लागतो, त्यांच्या शिक्षणाची बाजारातली किंमत एका कारकुनाच्या पगाराएवढी होती. एकाच मुलखातली, दीड-दोन दशकांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसे : एकाने शिक्षणाच्या बळावर नोकरी मिळवली आणि फायलींच्या आड लिहीत राहिला, दुसऱ्याने पदवी न घेता उद्योग उभारला. स्नेहसंमेलनातील वक्ता ही तुलना आनंदाने करील. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही इकडची जुनी म्हण; परभणीत पोट भरतेच, असा तिचा अर्थ लावतात. बी. रघुनाथांचे पोट भरले असेल. पण यशाची मोजपट्टी एकच धरायची कारण काय, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी विचारायला हवा.

आता बियाण्यांकडे वळू. बारवाले यांच्या बीजोत्पादनाचा आरंभ झाला तो 'पुसा सावनी' या भेंडीपासून. ही जात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'पुसा'त, हरभजन सिंग या शास्त्रज्ञाने तयार केली होती. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा 'हळद्या' हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. त्या काळी या जातीवर तो सहसा येत नसे. बारवाले यांचे कर्तृत्व हे की, या बियाण्याचे मोल त्यांनी ओळखले आणि ते वाढवून, निवडून, शुद्ध ठेवून शेतकऱ्याला विकता येते हेही ओळखले. तोवर बियाणे ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. ती घरच्या कणगीतली किंवा शेजाऱ्याकडून सवाईने आणायची वस्तू होती. धान्य घेताना माणूस मूठभर हातात घेऊन पाहू शकतो. बियाणे चांगले की वाईट हे दोन-तीन महिन्यांनी शेतात कळते, तेव्हा पैसे परत मागण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा मालाचा बाजार उभा करायचा तर विकणाऱ्याचे नाव हेच तारण. हे तारण कसे कमवावे ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नव्हते. दोन वाणांच्या प्लॉटमध्ये किती अंतर ठेवायचे, भेसळीची झाडे फुलावर येण्याआधी कशी उपटायची, मजुराला नरफूल-मादीफूल कसे ओळखायला शिकवायचे, हे ज्ञान शेताच्या बांधावर तयार झाले. त्याला ज्ञान न म्हणणे हा पदवीधरांचा कोतेपणा ठरेल.

मात्र हेच अर्धे सत्य आहे. १९६४ साली जालन्यात महिको स्थापन झाली, ते वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. राष्ट्रीय बीज निगम १९६३चे. ज्वारीचे पहिले संकरित वाण 'सीएसएच-१' १९६४चे, बाजरीचे 'एचबी-१' १९६५चे. मक्याची संकरित वाणे त्याआधी, १९६१ साली आली. रॉकफेलर प्रतिष्ठानचे शास्त्रज्ञ भारतीय संस्थांबरोबर काम करीत होते आणि जालन्याच्या या होतकरू उत्पादकाला त्यांचे साहाय्य मिळाले. बियाण्यांचा कायदा १९६६चा. म्हणजे पदवी नसलेला हा उद्योजक ज्या वेळी उभा राहिला, त्या वेळी त्याच्या भोवती पदव्यांची, प्रयोगशाळांची आणि सरकारी खर्चाची एक मोठी इमारत उभी राहत होती. संकरित वाणाची मातृ-पितृ वाणे सरकारी संस्थांत, पगारी शास्त्रज्ञांनी, वर्षानुवर्षे खपून तयार केलेली. त्या संशोधनाचे गाठोडे शेतकऱ्याच्या दारापर्यंत न्यायला जो लागत होता, तो माणूस बारवाले होते. पुढे महिकोने स्वतःचे संशोधन केंद्र काढले आणि तिथे नेमले ते डॉक्टरेट मिळवलेले लोकच. पदवीवाचून अडत नाही हे खरे असते, तर या नेमणुकांचे कारण सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले आणि बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या धंद्यात शिरले. १९१०मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत त्यांच्याभोवती शाळेत न टिकलेली, पण हाताला वळण असलेली माणसे जमली होती. हे सगळे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांनी मुलाला, शंतनुरावांना, शिकायला पाठवले ते अमेरिकेत एमआयटीला. बारवाले यांच्या कन्या उषा बारवाले झेर यांनी डॉक्टरेट केली ती इलिनॉय विद्यापीठातून. पदवी नसलेल्या वा अर्धवट सोडलेल्या पहिल्या पिढीने दुसऱ्या पिढीला पदवीवाचून ठेवल्याचे उदाहरण यशस्वी घराण्यांत शोधूनच काढावे लागेल. उलट शाळा अर्धवट सोडलेल्या आबासाहेब गरवारे यांचे नाव पुण्यातील महाविद्यालयाला आहे, आणि जालन्यात बद्रीनारायण बारवाले महाविद्यालय आहे. शिक्षणाचे मोल न शिकलेल्या उद्योजकाला जितके कळते, तितके त्याची कथा सांगणाऱ्याला कळत नाही.

कथेची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. पेढीचे अनौपचारिक शिक्षण कोणाला मिळत होते? ज्याच्या बापाची, काकाची, निदान जातभाईची पेढी होती त्याला. मुनिमाच्या शेजारी बसून खतावणी शिकण्यासाठी आधी त्या गादीवर बसू दिले पाहिजे. ज्याला दुकानाच्या पायरीवरही थांबू देत नसत, त्याला 'शाळा सोड आणि धंदा कर' हा उपदेश निरर्थकच होता. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकले, रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मधल्या काळात पोटापाण्यासाठी त्यांनी गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो बंद पडला. हाली-कलदारच्या भावापलीकडचे चलनशास्त्र ज्याला अवगत होते, त्याला बाजाराने उभे केले नाही. याच आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाड्यातील दलित मुलांना पदवीचे दार उघडले गेले ते तिथे. पदवी हा त्यांच्यासाठी धंद्याला पर्याय नव्हता. पायरी चढू देणारा तो पहिला कागद होता. शिक्षण निरुपयोगी आहे असे म्हणण्याची चैन ज्याला परवडते, त्याच्यापाशी दुसरे काहीतरी आधीच असते.

परभणीत कृषी विद्यापीठ आले १९७२ साली. राहुरी आणि अकोला यांना त्याआधीच विद्यापीठे मिळाली होती. येथेच पुसा सावनीच्या गोष्टीचा पुढचा अध्याय घडला. या भेंडीची रोगाशी झुंजण्याची ताकद काही वर्षांत ओसरली आणि शेतेच्या शेते पिवळी पडू लागली. परभणीच्या जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या गोत्रातल्या मॅनिहॉट या दूरच्या भावंडाशी घडवला. असा संकर सुखासुखी होत नाही. पहिल्या पिढीची झाडे जवळजवळ वांझ निघतात. मग पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड. त्यातून निघाली 'परभणी क्रांती'. तिच्यावरील त्यांचा निबंध १९८६चा आहे. ती सरकारी संस्थेची असल्याने तिचे बियाणे कोणालाही तयार करून विकता येई, आणि तसे ते देशभर विकले गेले. या वाणाने बाजारात किती पैसा फिरवला त्याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. तो पैदासकारांच्या पगारात उतरला नाही एवढे मात्र खात्रीने म्हणता येईल. पदवीधराने जात निर्माण करावी आणि व्यापाऱ्याने पाकीट विकावे, ही वाटणी पुसा सावनीच्या वेळी होती तशीच परभणी क्रांतीच्याही वेळी राहिली.

कापसाने ही वाटणी मोडली. १९९८ साली मोन्सँटोने महिकोत भागीदारी घेतली आणि मार्च २००२मध्ये बीटी कापसाच्या तीन वाणांना परवानगी मिळाली, तिन्ही महिकोची. आता जनुक, वाण आणि पाकीट यांची मालकी एकाच बाजूला गेली. पाकीट ४५० ग्रॅमचे, आणि त्यासोबत १२० ग्रॅमची एक पुडी बिगर-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने पेरायची. बोंडअळीला तिथे आसरा मिळावा आणि बीटीला दाद न देणारी अळी लवकर निपजू नये, हा हेतू. कल्पना उत्तम होती. पण पाच एकर कोरडवाहू जमीन असलेल्याने काही ओळी अळीला खाऊ घालाव्यात, हे त्याला कोणी नीट समजावले नाही, आणि समजले असते तरी त्याने ते मानले असते असे नाही. पुड्या फेकल्या गेल्या. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला देणे सोपे झाले. आम्हांला हा आरोप अर्धवट वाटतो. ज्या सौद्यात एका बाजूला डॉक्टरेटची फौज आहे आणि दुसऱ्या बाजूला पाकिटावरची बारीक अक्षरे वाचू पाहणारा माणूस, तिथे शिक्षणाचा प्रश्न यशस्वी उद्योजकाच्या पदवीचा उरतच नाही. तो गिऱ्हाइकाच्या शिक्षणाचा होतो. आणि संकरित कापसाच्या बीजोत्पादनात फुले हातांनी खुडून परागसिंचन करावे लागते. आंध्र आणि गुजरातच्या शेतांवर हे काम शाळेच्या वयाची मुले, विशेषतः मुली, करीत असल्याच्या नोंदी अभ्यासकांनी केल्या आहेत. बियाण्याच्या धंद्याच्या कोणत्याही गौरवकथेत या मुलींच्या शाळेचा उल्लेख यायला हवा.

इतक्यात चक्र आणखी एकदा फिरले आहे. खते आणि कीटकनाशके विकणाऱ्याकडे कृषी वा विज्ञानाचे शिक्षण असावे, असे नियम २०१५नंतर आले. ज्यांची दुकाने आधीपासून होती, त्यांच्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ साली सुरू केलेला कृषी निविष्ठा विक्रेत्यांचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम उपयोगी पडू लागला. त्याचे वर्ग आठवड्यातून एकदा, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी भरतात. पुढ्यात बसलेल्यांतल्या कित्येकांची गल्ल्यावरची उमेद पंचवीस-तीस वर्षांची असते. शिकवणारा पुष्कळदा कृषी विद्यापीठाचा पदवीधर असतो. पांढऱ्या माशीचे जीवनचक्र तो फळ्यावर काढतो. ती माशी कोणत्या पंधरवड्यात कोणत्या शिवारात येते, ते समोरच्या बाकावरच्यांना ठाऊक असते. तिचे शास्त्रीय नाव ते वहीत उतरवून घेतात, कारण परीक्षेत ते विचारले जाणार असते.